मायक्रोफोनसमोरची सिंधू

भारतीय नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आहेत. त्यांपैकी आंगिक म्हणजे शरीराच्या हालचालींचा आणि आहार्य म्हणजे वेशभूषेचा व रंगभूषेचा अभिनय श्राव्य माध्यमात श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तेथे वाचिक अभिनयावर, म्हणजे उच्चार, स्वर, लय आणि विराम यांतून भाव व्यक्त करण्यावर, जवळजवळ सगळा भार येतो. आकाशवाणीच्या नभोनाट्यांनी ही कला मराठी घरांत रुजवली, आणि ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेतील टेकाडे भावजी, प्रभाकरपंत व मीनावहिनी ही पात्रे बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी आणि नीलम प्रभू यांच्या केवळ आवाजाने श्रोत्यांच्या परिचयाची झाली. पूर्वी अशा अभिनयासाठी नभोवाणी केंद्राच्या स्वरचाचणीतून जावे लागे. आता संगणक, साधा मायक्रोफोन आणि ऑडॅसिटीसारखी विनामूल्य ध्वनिसंपादन प्रणाली एवढ्यावर घरीही आरंभ करता येतो.

प्रस्तुत लेखिकेने हा छंद अंगीकारला तो वेगवेगळ्या गावी राहणाऱ्या स्नेह्यांच्या एका लहान गटासह, आणि गटापुढचा पहिला प्रश्न संहितेचा होता. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो आणि त्यानंतर ती कृती सर्वांना मुक्तपणे वापरता येते; राम गणेश गडकरी यांचे निधन १९१९ मध्ये झाले असल्याने ‘एकच प्याला’ या नाटकाचे गद्य संवाद निःशंकपणे घेता आले. नाटकातील पदे वि. सी. गुर्जर यांची असून गटात गाणारे कोणी नव्हते, म्हणून ती वगळण्यात आली आणि लेखिकेकडे सिंधूची, म्हणजे दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराच्या पत्नीची, भूमिका आली.

रंगभूमीवर बालगंधर्वांनी अजरामर केलेली ही भूमिका मायक्रोफोनसमोर वेगळ्या मापाने घडवावी लागते. नाट्यगृहातील नटाला आपले वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत न्यावे लागते, तर मायक्रोफोन ओठांपासून साधारण वीतभर अंतरावर असतो आणि श्वास, ओठांची उघडझाप, घशातला कंप हे सारे टिपून घेतो. म्हणून येथे आवाज किती मोठा असावा हे श्रोता किती दूर आहे यावर नव्हे, तर पात्र ज्याच्याशी बोलते आहे तो किती जवळ आहे यावर ठरते. सिंधू सुधाकराशी बोलते, गीतेशी बोलते आणि तान्ह्या बाळाशीही बोलते. या तिघांसाठी तिच्या आवाजाची पातळी, गती आणि ऊब भिन्न आहे, आणि हा भेद सापडला की आवाज मुद्दाम रडवेला करण्याची गरज उरत नाही, हा या कामातून लेखिकेला झालेला सर्वांत मोलाचा बोध होय.

मात्र प्रत्येकाने आपापले संवाद स्वतःच्या घरी मुद्रित करायचे असल्यामुळे समोर बोलणारे माणूसच नसते, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी गटाने प्रत्येक प्रवेश आधी दूरध्वनीवर एकत्र वाचून त्याचे कच्चे मुद्रण ठेवले. अंतिम मुद्रणाच्या वेळी सहकलाकाराची वाक्ये हेडफोनमधून ऐकत त्यांना उत्तरे दिल्यामुळे स्वतंत्रपणे मुद्रित झालेले संवाद जोडल्यावरही प्रश्नोत्तरांची ओढ टिकून राहिली. सिंधू दळण दळते त्या ठिकाणी लेखिकेने हात प्रत्यक्ष जात्यासारखा फिरवत वाक्ये म्हटली, कारण श्रमाने तुटणारा श्वास बसल्या जागी हुबेहूब आणता येत नाही. त्यापूर्वी बांगड्या काढून ठेवणे आणि कडक खळीचे कापड टाळणे हेही आवश्यक ठरले.

मुद्रणाची जागा निवडताना प्रतिध्वनी, म्हणजे भिंतींवरून परतून येणारा आवाज, हा मुख्य अडथळा असतो. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट आणि भोवती टांगलेल्या गोधड्या तो बऱ्याच अंशी शोषून घेतात. पंखा बंद करून प्रारंभी काही क्षणांची शांतता मुद्रित केली, तर खोलीतील स्थिर घरघर किती आहे हे कळते आणि संपादनात ती कमी करता येते. ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांसारख्या वर्णांबरोबर सुटणारा हवेचा झोत मायक्रोफोनवर आदळून धप्प असा आवाज उमटतो, म्हणून मायक्रोफोन तोंडासमोर न ठेवता किंचित बाजूला ठेवणे हितावह असते. मुद्रित भाग दुसऱ्या व्यक्तीने संहिता हाती घेऊन ऐकणे, म्हणजे श्रवणपडताळणी करणे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण ‘न’ आणि ‘ण’ यांतील किंवा ‘चहा’ आणि ‘चाक’ यांच्या आरंभीच्या ‘च’मधील भेद बोलणाऱ्याच्या लक्षातून निसटला तरी परक्या कानाला तो लगेच जाणवतो.

या छंदासाठी खर्जातला भारदस्त आवाज किंवा महागडी सामग्री ही पूर्वअट नाही. ज्याला आरंभ करावयाचा आहे त्याने मायक्रोफोन विकत घेण्यापूर्वी जुन्या मराठी नाटकातील दोन पात्रांचा एक प्रवेश निवडावा, आपले पात्र कोणाशी आणि किती अंतरावरून बोलते आहे हे निश्चित करावे, आणि घरातल्या एखाद्या माणसाला समोर बसवून तो मोठ्याने वाचावा; वाचिक अभिनयाचे खरे शिक्षण तेथूनच सुरू होते.