जिरलं ते कुठं?

गेवराई तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. काउंटरवरचं माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "काही होत नाही, पोटात जिरतं." कपाशीवर मावा-तुडतुडे दिसले की लोक मोनोक्रोटोफॉस मागायचे, आमच्याकडं नुसतं 'मोनो'. फवारून आल्यावर डोकं जड होतं म्हणालं कुणी, की मी लिंबूपाणी सांगायचो. हातमोजे दुकानात होते, पण खपत नसत, म्हणून पार मागं, पोत्यांखाली.

घरीही तेच. आबा औषध काडीनं ढवळायचे, काडी सापडली नाही तर हातानं. भाद्रपदाचं ऊन, पाठीवर पंप. दुपारी बांधावर बसले की तोच हात मातीला घासायचा, कळशीतलं चुळकाभर पाणी ओतायचं आणि भाकरी मोडायची. बोटांच्या पेरांत औषधाचा वास तसाच. मी समोर बसून जेवायचो.

2017 मध्ये यवतमाळात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. तेव्हाही मी म्हणालो, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून मारलं असेल. विषबाधा म्हणजे उलटी, फेस, दवाखाना. यातलं काही नाही, म्हणजे माणूस ठणठणीत, असा माझा हिशेब.

आबांना साखर निघाली आणि हिशेब अडला. शिडशिडीत अंग, रोज रानात राबणं, गोड फक्त सणाला. भाची मायक्रोबायोलॉजी शिकते; तिनं मदुराई कामराज विद्यापीठाच्या संशोधकांचा, त्याच 2017 सालचा अभ्यास मला समजावला. तमिळनाडूच्या खेड्यांत तीन हजारांवर लोक तपासले, तर कीटकनाशकांशी रोजचा संबंध असलेल्यांत मधुमेह जास्त. मग उंदरांना 180 दिवस थोडं थोडं मोनो दिलं. त्यांच्या आतड्यातले जिवाणू ते फोडत होते, त्यातून अ‍ॅसिटेट सुटत होतं आणि शरीर त्याची साखर करत होतं. ते जिवाणू दुसऱ्या उंदरांत घातले, तर साखरेचा बिघाड त्यांच्यातही उतरला.

म्हणजे माझं वाक्य खोटं नव्हतं. जिरत होतंच की! जिरून त्याचं काय होतं, एवढंच मी कधी विचारलं नव्हतं.

उंदरांवरून आबांचं काही सिद्ध होत नाही. साठीनंतर साखर कुणालाही निघते. हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं, आणि दर वेळी ती भाकरी डोळ्यांपुढं आली.

परवा एक पोरगा प्रोफेनोफॉस घ्यायला आला. ते मोनोच्याच घराण्यातलं. बाटली हातात घेत म्हणाला, "काका, काही होत नाही ना?" वाक्य जिभेवर आलं होतं, ते गिळलं. हातमोज्यांची जोडी पुढं सरकवली.

"ह्याचं वेगळं बिल?"

"हो."

बाटली घेऊन गेला. जोडी काउंटरवरच राहिली. बाटली मीच विकली होती.