जाळीत अडकलेला सातपुडा

परवा स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडची जाळी उघडली आणि तळहातावर पांढरे तुकडे पडले, बत्ताशाच्या चुऱ्यासारखे. आठवडाभर धार मंदावली होती आणि घरात सगळे टाकीला दोष देत होते. टाकी तर काठोकाठ होती. जाळी वाटीभर लिंबाच्या रसात ठेवली. बारीक बुडबुडे आले, तासा-दोन तासांत ती मोकळी झाली आणि धार पहिल्यासारखी पडू लागली. एक तुकडा मात्र मी रसात टाकला नाही. तो अजून खिडकीत आहे.

तो दगड आहे. रावेर-यावलच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा पट्टा आहे, भूजलाचे जाणकार त्याला बझाडा म्हणतात. पावसाचं पाणी त्यात मुरतं, वाटेतला चुना विरघळवत खोल जातं, आणि आम्ही ते शेकडो फुटांवरून बोअरने उपसून पुन्हा वर आणतो. पाण्याबरोबर थोडा डोंगरही घरात येतो. गिझर उशिरा तापतो, फ्लशचा बॉल कॉक वर आला तरी पाणी थांबत नाही, शॉवरची निम्मी भोकं बुजतात; इथे यातल्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ या पांढऱ्या थरात असतं.

माझ्या वडिलांना, आप्पांना, हा थर पक्का ओळखीचा होता, पण शेतातला. केळीत ठिबक आलं तेव्हापासून नळ्यांची शेवटची टोकं उघडून पाणी सोडणं, क्षार बसले की मोजून आम्ल देणं, ही कामं त्यांनी कधी गड्यावर सोपवली नाहीत. ड्रिपर तासाला चार लिटरचा असेल तर खाली भांडं ठेवून ते चार लिटर पडतात का ते पाहायचे. घरात रात्री नळ ठिबकला तरी तसेच उठायचे. आई तोटी जोर लावून आवळायला गेली की म्हणायचे, "आवळू नको, वायसर गेला त्याचा." खरंच, आवळून गळती थांबत नाही. झिजलेला वायसर आणखी चिरतो, मग ज्या पितळी कडीवर तो बसतो तिलाही खाच पडते, आणि नवा वायसर घातला तरी थेंब चालूच राहतो. आप्पा आधी कॉक बंद करत, मग पाना लावून तोटी खोलत आणि मोटारच्या जुन्या ट्यूबमधून गोल कापून बसवत. पाव फिरकीत बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, आत चिनी मातीच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं; ते अख्खंच बदलावं लागतं. मला जुने नळ आवडतात. ते हाताने बरे करता येतात.

सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला वीसेक लिटर पाणी जातं. उन्हाळ्यात केळीच्या एका मोठ्या झाडाला दिवसाला साधारण तेवढंच लागतं.

आप्पा थकले त्या वर्षी त्यांना बुऱ्हाणपूरला नेलं होतं. रावेरहून रेल्वेने अर्ध्या तासाची वाट, पण कुंडी भंडारा त्यांनी कधी पाहिला नव्हता. 1615 साली, जहांगीरच्या काळात, अब्दुर्रहीम खानखाना बुऱ्हाणपूरला सुभेदार असताना ते बांधकाम झालं. हाच दोह्यांचा रहीम. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखाली अडवलं आणि बोगद्यातून उतारानेच शहरापर्यंत आणलं. पंप नाही, मोट नाही. वर शेतात ओळीने विहिरींसारखी तोंडं दिसतात, शंभरावर. त्या कुंड्या. एका कुंडीत लिफ्टने खाली उतरता येतं. आप्पा लोखंडी कठडा घट्ट धरून उतरले. खाली गार, ओलसर अंधार, पायांशी वाहतं पाणी, आणि भिंतींवर जाडच जाड थर, कुठे पांढरा, कुठे मळकट गुलाबी. चारशे वर्षं चुना साठत गेला आणि बोगदा आतून अरुंद होत गेला. आप्पांनी थरावर हात फिरवला. "आपल्या ठिबकच्या नळ्यांसारखंच झालं हे," म्हणाले. मग मान वर करून त्या गोल उजेडाकडे बराच वेळ पाहत राहिले. इतक्या कुंड्या कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "उतरून साफ करायला. आणि हवेला. हवा अडली की पाणी अडतं." परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ते केळीच्या बागा मोजत होते. खानखानाचं त्यांनी काहीच विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "माणूस हुशार होता."

हवेचं ते बोलणं मला घरात वारंवार आठवतं. पाणी गेलं, टाकी रिकामी झाली, पुन्हा भरली, आणि नळ खोकल्यासारखा फसफसू लागला, की नळीत हवा कोंडलेली असते. सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडा ठेवला तर ती बहुतेकदा निघून जाते. संडासात पाणी ओतल्यावर मोरीची जाळी गुडगुडत असेल तर गच्चीवर काढलेल्या हवेच्या पाइपाचं तोंड पाहावं. पाखरं शिरतात म्हणून लोक तिथे घट्ट टोपण ठोकतात. तिथे जाळी हवी. आणि न वापरलेल्या न्हाणीतून वास येतो तो जाळीखालच्या वाकणातलं पाणी आटल्यामुळे. तांब्याभर पाणी ओतलं की वास थांबतो.

फ्लश गुपचूप गळतो का, हे कळायला टाकीत थोडं हळदीचं पाणी टाकावं आणि अर्धा तास कुणी बटण दाबू नये. भांड्यात पिवळं उतरलं तर आतलं रबर गेलेलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात शेजारी रात्री दोनला गिझरची जोडनळी फुटली. मुख्य कॉक होता, पण वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्याने क्षारांनी धरला होता, जागचा हलेना. गच्चीवरची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी जिन्यावरून वाहत राहिलं. एप्रिलमध्ये, रावेरला.

हे वाचून झालं की उठा, तुमच्या घरचा मुख्य कॉक कुठे आहे तो शोधा, आणि हलक्या हाताने एकदा बंद करून पुन्हा उघडून बघा.