सिलॅबसमध्ये नसलेला बोल्ट

मशीन डिझाइनच्या पुस्तकात थ्रेडेड जॉइंट्सचा चांगला लांबलचक चॅप्टर आहे. बोल्ट किती घट्ट करायचा, लोड कसा वाटला जातो, व्हायब्रेशनने तो ढिला होऊ नये म्हणून काय काय करायचं, सगळं त्यात आहे. पेपरच्या आदल्या रात्री कटिंग चहाच्या जोरावर आपण सगळेच तो पाठ करतो. पण एकदा घट्ट केलेला बोल्ट पाच-सहा वर्षं समुद्राचं पाणी पिऊन बसला, तर तो उघडायचा कसा, यावर त्यात एक ओळ नाही. मला हा प्रश्न पडायचं काहीच कारण नव्हतं. पण २०२५ च्या जुलैत परीक्षा लांबल्यामुळे सुट्टीही लांबली आणि मी मामाकडे हर्णैला जाऊन पोचलो.

ज्यांनी हर्णै पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दापोली तालुक्यातलं हे बंदर. इथे मासळीचा लिलाव थेट किनाऱ्यावर, वाळूतच होतो. होड्या येतात, टोपल्या उतरतात, बोली लागते आणि माल भरायला गाड्या पार वाळूत उतरतात. माझ्या मामाची पिकअप त्यातलीच एक. म्हणजे चाकांना खारी वाळू, वरून क्रेटमधल्या बर्फाचं खारट पाणी पाठीमागच्या पाट्यांवर ठिबकणार, आणि हवा तर चोवीस तास खारीच. सीझनमध्ये गाडी धुवायला कोणाला वेळ असतो? एप्रिल-मे आंब्याच्या पेट्या, एरवी मासे, आणि पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने ताडपत्रीखाली मुक्काम.

बंदी ३१ जुलैला संपणार होती. आठ दिवस आधी मामाने ताडपत्री काढली तर गाडी एका बाजूला कललेली. खाली वाकून पाहिलं तर उजवीकडचा मुख्य पाटा तुटलेला. (पाटा म्हणजे आपला लीफ स्प्रिंग. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचे तोटे, असले शब्द मला गाडीखाली झोपल्यावर कळतात. थ्रेड्सना आटे म्हणतात, हेही तिथेच कळलं. डोक्याचे आटे ढिले असतात ते मात्र आधीपासून माहीत होतं, आमचे रेक्टर रोज म्हणतात.)

पाटा तुटणं ही मोठी गोष्ट नाही. नवा मिळतो. पण पाटा गाडीला तीन ठिकाणी धरलेला असतो. मध्ये अ‍ॅक्सलला दोन यू-बोल्ट, मागे शॅकल आणि पुढे चेसिसच्या हँगरमध्ये एक जाड बोल्ट. हे सगळं सुटलं तर पाटा निघणार. आणि तिथे बोल्ट दिसतच नव्हते. दिसत होते ते नुसते तपकिरी पापुद्र्यांचे गोळे.

मामाचं टेन्शन वेगळं होतं. सीझनच्या पहिल्या आठवड्यात व्यापारी ज्याची गाडी धरतो, त्याचीच बहुतेक वर्षभर चालते. गाडीचे हप्ते अजून बाकी होते. समुद्र शांत झाला नाही तर खरी सुरुवात नारळी पौर्णिमेनंतर होते, पण त्या भरवशावर कोण बसणार? मामी काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे घरातल्या मांजरालाही कळतं.

गॅरेजवाले काका संध्याकाळी आले. साठीचे असतील, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी पाना काढलाच नाही. तारेचा ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाबू, आधी आटे दिसू देत." मी तासभर घासलं. मग त्यांनी प्रत्येक नटवर गंज सोडवायचा स्प्रे मारला, वरून थोडं डिझेल सोडलं, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर ठकठक केली आणि चक्क घरी गेले! मामा चिडला. आठच दिवस उरलेत आणि हा माणूस तेल लावून घरी जातो?

पण विचार केला तर त्यात पक्कं इंजिनीयरिंग आहे. लोखंड गंजलं की गंजाचं घनफळ मूळ लोखंडाच्या साधारण दोन ते सहा पट होतं. नट आणि बोल्टच्या आट्यांमधली फट मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी. त्या फटीत हा फुगलेला गंज पाचर मारल्यासारखा बसतो. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ, त्यामुळे गंज लवकर चढतो आणि पोचतोही आतपर्यंत. हा गंज तेलाने विरघळत नाही. तेल फक्त भेगांतून आत झिरपतं, आणि झिरपायला वेळ लागतो. हातोडीच्या ठोक्याने गंजाला तडे जातात, तेलाला वाट मिळते. म्हणजे काका घरी गेले तरी काम चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी यू-बोल्ट. तिथे काकांनी अजिबात भावनिक व्हायचं नाही असं ठरवलं होतं. पाट्याबरोबर यू-बोल्ट नवेच घालायचे होते, मग जुन्यांची काळजी कशाला? ग्राइंडरने नट कापले. चारपैकी एकच पान्याने सुटला आणि त्याचं मला उगाच कौतुक वाटलं.

शॅकलचा नट मात्र हटेना. मामाने घरातून एक मीटरचा पाईप आणला आणि पान्यावर चढवला. लिव्हर! आर्किमिडीज! काकांनी त्याचा हात धरला. "दादा, मान तुटली तर पाना कुठे लावाल?"

रात्री मी वहीत हिशोब केला. बोल्ट चौदा एमएमचा, ग्रेड ८.८. आट्यांच्या तळाशी त्याचा व्यास साधारण साडेअकरा एमएमच उरतो. पिळून तुटायला साधारण २०० न्यूटन-मीटर टॉर्क पुरे, आणि गंजाने खाल्लेला असेल तर त्याहून कमी. एक मीटरच्या पाइपला वीस किलोचा जोर दिला की झाले २०० न्यूटन-मीटर. मामा गोणी उचलणारा माणूस. वीस किलो म्हणजे त्याच्यासाठी काहीच नाही. गंमत म्हणजे काकांनी हा हिशोब कधीच केलेला नसणार. ते सांगतात, पान्याला कान लावायचा. नट सुटताना कर्र असा कोरडा आवाज येतो. आवाज न येता पाना मऊ मऊ फिरायला लागला तर समजायचं की नट नाही, बोल्ट पिळतोय, आणि तिथेच थांबायचं. यील्ड पॉइंटची याहून चांगली व्याख्या मी कुठल्या लेक्चरला ऐकलेली नाही. (सरांनी रागावू नये.)

काकांची आणखी एक पद्धत. सोडायचा नट आधी किंचित घट्ट करायचा. मला हे पटलं नाही, पण गंजाची पकड कुठल्याही दिशेने मोडली तरी ती मोडतेच. घट्ट, ढिला, घट्ट, ढिला, मध्ये एक ठोका, थोडं तेल. तरीही नट हलला नाही तेव्हा गॅस आला. आधी सांडलेलं डिझेल फडक्याने स्वच्छ पुसलं, बाजूला ओलं गोणपाट लावलं, पाण्याची बादली माझ्या हाती. फ्लेम फक्त नटवर. स्टील दर डिग्रीला, दर मिलिमीटरमागे ०.००००१२ मिलिमीटर प्रसरण पावतं. चौदा एमएमचं भोक ३०० डिग्रीने तापलं तर जेमतेम ०.०५ मिलिमीटर मोठं होतं, एका बारीक केसाएवढं. तेवढ्यावर सगळा खेळ! नट गरम असतानाच काकांनी आट्यांना मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आत ओढलं गेलं, आणि पान्याला कर्र ऐकू आलं. मामाने शिट्टी मारली. मामीने चहा आणला.

राहिला पुढचा बोल्ट. त्याचा नट पहिल्याच झटक्यात सुटला आणि आम्ही सगळे खूश झालो. काका नाही झाले. त्यांनी बोल्टचं डोकं पान्याने फिरवलं. फिरलं. सोडल्यावर जागेवर परत आलं! रबरासारखं. कारण रबरच होतं. पाट्याच्या डोळ्यात रबराचा बुश असतो आणि बुशच्या आत स्टीलची नळी. बोल्ट त्या नळीला गंजाने असा चिकटला होता की दोघं मिळून एकच दांडा झाला होता, आणि पीळ बसत होता तो रबराला. ठोकून काढावा तर रबर प्रत्येक ठोका गिळतं. तापवावा तर रबर पेटणार, आणि शेजारूनच ब्रेकचा पाईप आणि पुढे डिझेलची टाकी.

दीड दिवस त्यात गेला. हंगामाला तीन दिवस उरलेले. मामा म्हणाला, घणाने हाणू या. मला काकांचा चेहरा आठवतो. ते गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि मामाला समोर बसवून शांतपणे म्हणाले, "बोल्ट शे-दीडशेचा, दादा. पाटा तर भंगारातच जाणार. यातलं वाचवायचं काय, तर फक्त हँगर. तो चेसिसला रिव्हेट केलेला आहे. घणाने तो वाकला, तर तुमची गाडी दिवाळीपर्यंत इथेच."

मामाने विडी पेटवली आणि बऱ्याच वेळाने मान हलवली.

मग कापायचं ठरलं. पाट्याचा डोळा आणि हँगर यांच्यामध्ये तीन-चार एमएमची फट, ग्राइंडरची डिस्क काही तिथे पोचत नाही. हॅकसॉचं नुसतं ब्लेड, एका टोकाला चिंधी गुंडाळून हातात धरलेलं. आधी रबराची कड, मग नळी, मग बोल्ट. आणि हे दोन्ही बाजूंना. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब आपण कसा करतो ते सगळ्यांना माहीत आहे (मागच्या वर्षीचा जॉब, नवीन रोल नंबर). इथे तशी सोय नव्हती. काका, मी आणि मामा आळीपाळीने पाठीवर झोपून घासत होतो. डोळ्यांत गंज, कानात गंज. सात ब्लेडं तुटली. ताडपत्रीवर पाऊस, शेजारच्या घरात रेडिओ. रात्री साडेदहाला दुसरा काप आरपार गेला आणि पाटा धप्पकन जमिनीवर पडला. हँगर सरळच्या सरळ होता. मामा त्यावरून अंगठा फिरवत बसला, कितीतरी वेळ.

फिटिंगला अर्धा दिवसही लागला नाही. नव्या बोल्टला काकांनी भरपूर ग्रीस फासलं आणि मला बजावलं, "ग्रीस लावलं की हात आवरायचा." बरोबर आहे. कोरड्या बोल्टला आपण देतो त्या टॉर्कपैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि खरा ताण जेमतेम दहा टक्क्यांतून येतो. घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. शेवटचा पीळ त्यांनी गाडी जॅकवरून खाली उतरवून, चाकांवर वजन आल्यावरच दिला. लटकत्या पाट्यावर बुशचा बोल्ट आवळला तर गाडी खाली बसताना रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे का, असं मी विचारलं तर काका म्हणाले, "तूच सांग, तू शिकतोस ना?" टॉर्शनचा चॅप्टर मला त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला.

३१ तारखेला संध्याकाळी मामाने गाडी गोड्या पाण्याने खालून धुतली, नारळ फोडला आणि किनाऱ्यावर चक्कर मारून आणली.

डावीकडचा पाटा मात्र अजून जुनाच आहे. काकांचं म्हणणं, पाटे जोडीनेच बदलावेत, पण मामाकडे पैसे एका बाजूचेच होते. तिकडचे बोल्टही तसेच तपकिरी. मामा आता दर रविवारी त्यांना तेल सोडतो आणि फोनवर मला सांगतो, "आज पण पाजलंय रे." दिवाळीच्या सुट्टीत ते काम काढायचंय. होस्टेलवरून कोणाला यायचं असेल तर मला रूमवर येऊन भेटा. हॅकसॉची ब्लेडं आपापली आणावीत, जेवण मामीकडे.