दोन कारागिरांच्या मधले घड्याळ

मोटारीच्या डॅशबोर्डवरील घड्याळ बिघडले, तर ते कोणाकडे न्यावे? घड्याळजी म्हणतो, हे वायरिंगचे काम. गॅरेजातला इलेक्ट्रिशियन म्हणतो, हे घड्याळजीचे. सर्व्हिस सेंटरात तिसरे उत्तर मिळते: अख्खे नवे बसवा. वडिलांच्या पश्चात आमच्याकडे आलेल्या जुन्या गाडीतील काट्यांच्या घड्याळाबाबत ही तिन्ही उत्तरे ऐकून झाली, तेव्हा स्क्रूड्रायव्हर आम्हीच हाती घेतला.

लक्षण चमत्कारिक होते. गाडी गार असताना घड्याळ चाले, उन्हात तापली की थांबे. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून घड्याळ बाहेर काढले. आत धातूच्या लहानशा डबीत क्वार्ट्झचा स्फटिक होता. तो सेकंदाला ४१,९४,३०४ वेळा कंप पावतो. शेजारची चिप ही संख्या २२ वेळा निम्मी करते आणि शेवटी उरतो नेमका १. एवढा मोठा भागाकार ते यंत्र कित्येक वर्षे बिनचूक करीत आले होते.

मग बिघडले काय? भिंग लावून पाहता, एका पिनेभोवतीच्या कथलाच्या डाखाला केसाएवढी गोल भेग दिसली. दिवसा डॅशबोर्ड तापतो, रात्री निवतो. तांबे, कथील आणि सर्किटची पाटी यांचे प्रसरण सारखे नसते. या रोजच्या ओढाताणीत डाख थकतो. आम्ही तो पुन्हा वितळवून ताजा केला. आतला द्राव वाळत आलेला कपॅसिटरही, धन-ऋण टोके पाहून, तेवढ्याच क्षमतेचा नवा लावला.

‘नवे बसवा’ म्हणणारा खोटे बोलत नव्हता. त्याच्या तासाभराच्या मजुरीपुढे नवा भाग खरोखरच परवडतो. परंतु या हिशेबात दोष शोधण्याची गरजच उरत नाही आणि भेगेपायी शाबूत यंत्र भंगारात जाते. दोन कारागिरांनी परस्परांकडे बोट दाखवलेल्या वस्तूंना अखेर घरच्याच माणसाचा आधार असतो. आणि त्याला मजुरी मोजायची नसते, हेच त्याचे भांडवल.

घड्याळ आता भर उन्हातही चालते. वडील ते नेहमी पाच मिनिटे पुढे ठेवीत. ते तसेच ठेवावे की बरोबर लावावे, यावर मात्र घरात अजून एकमत झालेले नाही.