तांदीनंतरची शिदोरी

हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात तांदी नावाचे छोटे गाव आहे. चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा येथे संगम होतो; पुढे त्यांचीच चिनाब होते. मनाली–लेह मार्गावरील प्रवाशाला मात्र हे गाव आठवते ते तेथील पेट्रोल पंपामुळे. पुढील पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा तेथील फलक अनेक वर्षे प्रसिद्ध आहे. खिशात पैसा असूनही वस्तू मिळणार नाही, अशा प्रदेशाची ती वेस होय.

सांगली जिल्ह्यातील एक व्यापारी दाम्पत्य जुलै महिन्यात आपली व्हॅन घेऊन या पंपावर थांबले होते. दुकान मुलाच्या हाती सोपवून दोघे दोन महिन्यांसाठी घराबाहेर पडले होते. झोपण्याची फळी, शेगडी, भांडी आणि कपडे सामावलेली व्हॅन हेच त्यांचे घर. ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलात पोहोचणे सोपे झाले आहे. परंतु त्यापुढील घाट, थंडी आणि विरळ हवा पूर्वीसारखीच आहे.

दोघांनी निघण्यापूर्वीच आणीबाणीची एक पेटी सिद्ध केली होती. दुकानदार माल भरताना खप पाहतो. येथे मात्र धोका पाहून माल भरायचा होता. रस्ता बंद पडल्यास तीन दिवस गाडीतच काढावे लागतील, असा हिशेब धरला. माणशी दररोज चार लिटर याप्रमाणे २४ लिटर पाणी घेतले. रात्री पाणी गोठून कॅन फुटू नयेत म्हणून ते काठोकाठ न भरता आत ठेवले. सरचूच्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही. म्हणून खाकरा, भडंग, गूळ-शेंगदाणे असे न शिजवता खाता येणारे पदार्थ घेतले. वाटेत भरलेले पाणी तीन मिनिटे खळखळ उकळण्याचा नियम ठरविला.

गाडीसाठी ओढण्याचा दोर, फावडे, टायरमध्ये हवा भरण्याचा पंप, बॅटरी जोडण्याच्या तारा आणि अग्निशामक नळकांडे होते. तांदीला टाकी भरून २० लिटर डिझेलचा घट्ट झाकणाचा धातूचा कॅन बाहेरच्या बाजूस बांधला. डोक्याला बांधायचे दोन दिवे, लोकरीचे कपडे, रोख रक्कम आणि कागदी नकाशा पेटीत गेला. रक्तगट, चालू औषधे व घरचे दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहिले. मार्गाचा मोठा भाग भ्रमणध्वनीच्या आवाक्याबाहेर आहे आणि बाहेरील राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत. पेटी चालकाच्या आसनामागे ठेवली. बिछान्याखाली, चार पिशव्यांच्या तळाशी गेलेली वस्तू ऐन वेळी नसल्यासारखीच असते.

याशिवाय एक लहानसे उपकरण होते: कार्बन मोनॉक्साइड वायूची सूचना देणारे. थंडीमुळे बंद गाडीत शेगडी पेटती ठेवण्याचा मोह अनेकांच्या जिवावर बेततो, कारण या वायूला रंग नाही आणि वासही नाही. त्याची सुरुवातीची लक्षणे डोकेदुखी आणि मळमळ. विरळ हवेच्या विकाराची लक्षणेही तीच!

दोन मुक्काम जिस्पा येथे करून तिसऱ्या दिवशी पहाटे दोघे निघाले. ४,८९० मीटर उंचीचा बारालाचा घाट ओलांडून दुपारपूर्वी सरचूला पोहोचले. सरचूची उंची सुमारे ४,२९० मीटर. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच. पुढे नाकी ला, लाचुलुंग ला आणि ५,३२८ मीटरवरील तांगलांग ला. सरचूचे मैदान सपाट, विस्तीर्ण आणि मोहक आहे. परंतु त्याच्या दोन्ही बाजूंस त्याहून उंच घाट आहेत. तेथे प्रकृती बिघडल्यास खाली उतरण्यासाठी आधी वर चढावे लागते.

गाडी थांबताच पत्नीचे डोके ठणकू लागले आणि तासाभरात उलटी झाली. शेगडी पेटविलेली नव्हती, खिडक्या उघड्या होत्या, उपकरण शांत होते. कारण विरळ हवेखेरीज दुसरे नव्हते. पतीने प्राणवायूचा डबा काढला. पण असा डबा काही मिनिटांत संपतो. तो तात्पुरता आधार, उपचार नव्हे.

“अहो, आज रात्र काढू, उद्या बरे वाटेल,” पत्नी म्हणाली. “लेह एवढे जवळ आले आहे.”

“लेह कुठे जात नाही,” पतीने उत्तर दिले आणि गाडी वळविली.

बारालाचा पुन्हा चढून, दुपारनंतर फुगलेले बर्फाचे नाले सावकाश ओलांडत, उजेड असतानाच त्यांनी जिस्पा गाठले. उतार लागल्यावर डोकेदुखी ओसरत गेली. दुसऱ्या सकाळी पत्नीने पोटभर न्याहारी केली. त्या वर्षी लेह पाहणे राहिले. उरलेले दिवस त्यांनी केलाँग आणि लाहौलच्या खोऱ्यात घालविले.

घरी परतल्यावर दोघांनी पेटीतील साठा मोजला. प्राणवायूचा एक डबा आणि खाकऱ्याची काही पाकिटे वगळता सारे जसेच्या तसे होते. दोर एकदाही सोडला नव्हता, कॅनमधील डिझेल तसेच होते. एका नातेवाइकाने विचारले, “मग एवढा खर्च वाया गेला म्हणायचा?” पत्नीने संपलेल्या वस्तूंची यादी केली आणि पुढच्या जुलैसाठी त्या आणावयास सांगितल्या. यादीच्या शेवटी तिने आणखी एक ओळ लिहिली: जिस्पाला दोनऐवजी चार मुक्काम.