एक गॅरंटर हवाय!

नोकरी मिळाली, व्हिसा मिळाला, आईनं लोणच्याच्या बरणीला तीन पिशव्या बांधून झाल्या. राहायचं कुठे, एवढंच ठरायचं होतं. पण त्याचं काय एवढं? पुण्यात कसं, एजंटला फोन करायचा, संध्याकाळी चार फ्लॅट बघायचे, आवडला की टोकन देऊन मोकळं व्हायचं. इंग्लंडात याहून वेगळं ते काय असणार!

हा माज घेऊन मी १२ ऑगस्ट २०२३ ला लेस्टर स्टेशनवर उतरले. दोन बॅगा, एक बरणी आणि शाळा सुरू व्हायला जेमतेम तीन आठवडे.

मी गणित शिकवते. त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडनं भारतासकट आणखी काही देशांतल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांसाठी एक दार उघडलं. बी.एड. आणि अनुभव असेल तर क्यूटीएस, म्हणजे तिथला शिक्षकाचा अधिकृत दर्जा, पुन्हा कॉलेजात न जाता मिळवता येणार होता. मी अर्ज केला, शाळेनं व्हिडिओवर इंटरव्ह्यू घेतला आणि पगार ठरला वर्षाला ३०,००० पौंड. लंडनबाहेर नव्या शिक्षकाची सुरुवात तेव्हा तिथूनच व्हायची. फिजिक्स आणि भाषावाल्यांना त्या वर्षी स्थलांतरासाठी सरकारकडून वर १०,००० पौंड मिळणार होते. गणितवाल्यांना ठेंगा! शिवाय व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार आधीच भरायचा. तो तेव्हा वर्षाला ६२४ पौंड होता, म्हणजे तीन वर्षांचे १,८७२. (२०२४ च्या फेब्रुवारीत तो १,०३५ वर गेला, तेव्हा आपण स्वस्तात सुटलो म्हणून मी स्वतःलाच कॉफी पाजली.) थोडक्यात, लेस्टरला पोचले तेव्हा पर्स हलकी होती आणि पहिला पगार सप्टेंबरच्या शेवटी.

खरं तर पुण्यात असतानाच एक सुंदर फ्लॅट सापडला होता. पांढऱ्या भिंती, खिडकीत तुळशीसारखं काहीतरी झाड, भाडं बाजारभावाच्या निम्मं. मालक परदेशी असल्यामुळे दाखवायला कोणी नव्हतं, पण डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरिअरनं येणार होती. मी बँकेचं ॲप उघडूनही बसले होते. शाळेतल्या एकीला सहज फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, ‘घर न बघता एक पैसा द्यायचा नाही.’ मी पुणेरी आहे हो, फसले असते तर कोणाला सांगायचीही सोय नव्हती!

तर मग व्ह्यूइंग सुरू झाली. लेस्टरमध्ये दोन युनिव्हर्सिटी आहेत, त्यामुळे ऑगस्टमध्ये बरी घरं मुलांनी आधीच पटकावलेली. क्लॅरेंडन पार्कमध्ये एका वन-बेडरूमसाठी फुटपाथवर आम्ही अकरा जण रांगेत उभे. प्रत्येकाला दहा मिनिटं. बाथरूमच्या छतावर काळी बुरशी, तिच्यावर ताजा पांढरा रंग. दुसऱ्या एका घरात ‘सेकंड बेडरूम’ अशी होती, की पलंग ठेवला तर दार लागलं नसतं. मुंबईच्या मैत्रिणीला फोटो पाठवला. ती म्हणाली, ‘मस्त आहे की, घे!’

तिसऱ्या दिवशी एक आवडलं. पहिला मजला, खिडकीतून झाड, महिना ७५० पौंड. मनात लगेच हिशेब सुरू. कायद्यानं होल्डिंग डिपॉझिट एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, म्हणजे ७५० गुणिले १२ भागिले ५२, साधारण १७३. खरं डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं, ८६५. तेही मालकानं ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवायचं. इथे मात्र मी मनापासून खूश झाले. आपल्याकडे डिपॉझिट परत मागताना मालक भिंतीवरचा एकेक खिळा मोजतो!

मग एजन्सीतल्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, ‘तुमचा गॅरंटर कोण?’

गॅरंटर म्हणजे यूकेत राहणारा, चांगला कमावणारा आणि मी भाडं बुडवलं तर ते भरणारा माणूस. माझा पगार भाड्याच्या हिशेबात बसत होता, पण इथे माझ्या नावावर ना क्रेडिट हिस्टरी, ना एकही पगाराची स्लिप. बाबा चालतील का? एलआयसीतून रिटायर झालेत, आयुष्यात एक हप्ता चुकवला नाही. ‘सॉरी, यूकेतलेच हवेत.’ मग? मग सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. ४,५०० पौंड! तेव्हाच्या भावानं जवळपास पावणेपाच लाख रुपये. (२०२५ च्या रेंटर्स राइट्स ॲक्टमुळे १ मे २०२६ पासून एका महिन्याहून जास्त भाडं असं आगाऊ मागता येत नाही. माझ्या वेळी सर्रास मागायचे.)

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी कागदावर मांडून पाहिलं. शाळेला पगारासाठी बँक खातं हवं. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा. पत्त्यासाठी भाडेकरार हवा. भाडेकरारासाठी पगाराच्या स्लिपा हव्यात. वर्गात एखाद्या पोरानं असं गोल गोल गणित सोडवलं असतं, तर मी लाल पेन काढलं असतं.

दोन दिवसांनी आणखी एका घरासाठी फोन केला. आधी सगळं छान चाललं होतं. नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं, इंग्लंडात कधी आलात विचारलं. मग क्षणभर शांतता आणि ‘ओह, ते आत्ताच गेलं हो.’ दुसऱ्या दिवशी राइटमूव्हवर ते घर तिथेच होतं. तिसऱ्या दिवशीही.

राग यायला हवा होता. आला नाही, कारण ‘आत्ताच गेलं हो’ हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. कर्वेनगरला आमचा एक वन बीएचके भाड्यानं असतो. २०१९ मध्ये तो रिकामा असताना केरळची एक नर्स बघायला आली होती. एकटी, नाइट ड्यूटी, मासे खाणारी. आईला तिघांपैकी एकही गोष्ट पटली नाही. ‘तूच सांग गं तिला, तुझं इंग्लिश बरंय,’ म्हणाली. मी सांगितलं. ‘सॉरी, इट्स जस्ट गॉन.’ तिनं अगदी नम्रपणे थँक्यू म्हटलं होतं. फ्लॅट पुढे दोन महिने रिकामा होता.

शेवटी घर मिळालं ते शाळेच्या स्टाफरूममधून. एक टीचिंग असिस्टंट म्हणाली, ‘बेलग्रेव्ह रोडच्या मागे माझी मासी राहते, वरची खोली रिकामी आहे.’ बेलग्रेव्ह रोड म्हणजे लेस्टरचा गोल्डन माइल. साड्या, सोनं, फाफडा आणि जलेबी. मासीनं दारातच पासपोर्ट मागितला. ‘मला नको आहे बेटा, सरकारला हवाय. भाडेकरूचे कागद नाही बघितले तर मला दंड.’ महिना ४२० पौंड, लाइट-पाणी-गॅस धरून. गॅरंटरचं नावही नाही. अट एकच, किचनमध्ये अंडंसुद्धा नाही! मी मुकाट्यानं मान हलवली आणि पुढचे आठ महिने ऑम्लेट शाळेच्या कँटीनमध्ये खाल्लं. आईला हे कळलं तेव्हा तिला मासी फारच आवडली.

मासी १९७२ मध्ये कंपालाहून आली. इदी अमीननं तिथल्या एशियन लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले होते. त्याच वर्षी लेस्टरच्या कौन्सिलनं युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती, की आमच्याकडे घरं आणि शाळा भरल्यात, कृपा करून इकडे येऊ नका. ‘ती वाचूनच आम्हाला कळलं लेस्टर नावाचं गाव आहे ते!’ मासी चहात साखर घालता घालता म्हणाली. सुरुवातीला एका खोलीत ते सात जण राहायचे. ती खोली कोणी दिली, हे मी विचारलं. ‘एका पंजाब्यानं. आम्हाला ओळखतही नव्हता.’

मासीच्या पत्त्यावर बँकेचं कार्ड आलं. सप्टेंबरअखेर पगार आला. २०२४ च्या एप्रिलमध्ये, हातात सात स्लिपा घेऊन, मी क्लॅरेंडन पार्कमधल्या एका छोट्या फ्लॅटसाठी अर्ज केला. गॅरंटर कोणीच मागितला नाही. किल्ली घेतली, मीटरचं रीडिंग काढलं, बुरशीचे फोटो तारखेसकट काढून एजन्सीला मेल केले (हे तुम्हीही करा, डिपॉझिट वाचतं) आणि मासीला ढोकळ्याच्या रिकाम्या डब्यातून बेसनाचे लाडू पाठवले.

मागच्या दिवाळीत आईचा फोन आला. कर्वेनगरचा फ्लॅट पुन्हा रिकामा झाला होता.

‘एजंटला काय सांगू? तेच ना?’

‘नको. या वेळी कोणीही चालेल म्हणून सांग.’

‘कोणीही म्हणजे?’

‘म्हणजे कोणीही. एकटी असली तरी, मासे खात असली तरी, पुण्यात ओळखीचं कोणी नसलं तरी.’

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आणि भाडं बुडवलं तर?’

‘पगाराच्या स्लिपा बघून घे ना,’ मी पटकन बोलून गेले. आणि जीभ चावली. ‘आई, नवीन नोकरी असेल तर स्लिपा नसतील. नसल्या तरी चालेल.’

‘तुझं डोकं फिरलंय तिकडे,’ आई म्हणाली. पण एजंटचा नंबर तिनं मागून घेतला.