सरळ रस्त्यांचं गाव

पाँडिचेरी म्हटलं, की डोळ्यांसमोर येतात पिवळ्या भिंती, बोगनवेल आणि फोटोसाठी नटून आलेली पब्लिक! मीही तशीच निघाले होते. फरक इतकाच, की या वेळी ऑफिसचा ग्रुप नव्हता. सोबत होती सास्तूरहून आलेली आई. अंगावर इरकल, पायात माझे स्पोर्ट्स शूज!

सकाळी लवकर बीच रोडवरून सुरुवात केली. समुद्राकडे पाठ करून आत वळलं, की फ्रेंच क्वार्टर. रु ड्युमा, रु रोमां रोलां... फ्रेंच आणि तमिळ नावांच्या निळ्या पाट्या, उंच दारं, लाकडी झडपांच्या खिडक्या. मी कॅमेऱ्यात गुंग. आई मात्र चौकात उभी राहून चारी बाजूंना बघत होती.

"कसलं सरळ रस्तं हायत गं! आपल्या नव्या गावावानी."

कॅमेरा खाली आला.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपात सास्तूर झोपेतच कोसळलं. दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. माझा जन्म नंतरचा, नव्या गावातला. जुन्या गावाविषयी आई बोलत नाही, आम्ही विचारत नाही.

मग मी तिला सांगितलं, की हे शहरही एकदा भुईसपाट झालंय. १७६१मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी जिंकली आणि पाडून टाकली. १७६३च्या पॅरिस तहानं ती फ्रेंचांना परत मिळाली, १७६५पासून पुन्हा उभी राहिली. आपण जुनं म्हणून ज्याचे फोटो काढतो, ते त्यानंतरचं. रस्त्यांची सरळ आखणी तेवढी आधीची, सतराव्या शतकाच्या शेवटी आलेल्या डचांची.

"म्हंजी जागा न्हाई सोडली त्यांनी," आई एवढंच म्हणाली.

कालवा ओलांडला, की तमिळ वस्ती. इथली वैसियाल स्ट्रीट चुकवू नका. काही घरांचा वरचा मजला फ्रेंच कमानींचा, तर खाली दाराबाहेर खांबांवरचं छप्पर आणि बसायला ओटा. त्याला म्हणतात तिण्णै. वाटसरूलाही टेकता यावं म्हणून बांधलेला. आई टेकलीच.

"असलाच वटा हुता आपला." आणि बोटानं फरशीवर रेघा ओढू लागली. हितं वेस. हितं आड. हितं तुझ्या आज्जीचं घर...

पाऊण तास गेला. त्या गल्लीत मी एकही फोटो काढला नाही.

दिवाळीला गावी गेले, तर अंगणात गवंडी. दारापुढं ओटा बांधायचाय.

"दोघींपुरता?" मी विचारलं.

"चार बाया बसतील एवढा!"

जायचंय? चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडनं साधारण दीडशे किलोमीटर. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे पाऊस असतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी बेस्ट. फिरायचं ते पायीच. आणि आईला घेऊन जा!